सांडलेलं पाणी

थोरल्या आबाबद्दल मी इथे एकेरीत लिहिणार आहे. तो होता तोवर त्याच्या तोंडावर मी 'आबा, तुमी' असंच म्हणत आले, सणावाराला वाकून पाया पडले, दिवाळीला आईने भरलेलं पोह्यांचं ताट त्याच्या घरी नेऊन दिलं. आता तो नाही, त्याचं सुपारीचं तोट, म्हणजे बाग, नाही, आणि माझेही केस पांढरे झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये, असं माझी सून म्हणते. तिचं बरोबर असेल. पण तिच्या आईचं उभं भात कुणी मुद्दाम वाळवलेलं नाही, माझ्या आईचं वाळवलं होतं. ते मी विसरलेले नाही आणि विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

आबा हा माझ्या वडिलांचा चुलत भाऊ. कुंभारवाड्याला बस सोडली की जंगलातून बरंच चालल्यावर आमची वाडी लागते. तेव्हा तर बसचाही भरवसा नव्हता. उतारावर थोडीशी घरं, मागे जंगल, पुढे पायऱ्यापायऱ्यांची भातशेतं. आमच्या घराच्या परसातून पाट वाहायचा आणि त्याचा आवाज दिवसभर कानात असायचा. सकाळी चुलीवर पेज रटरटत असायची, निखाऱ्यावर खारा बांगडा, नाहीतर राखेत भाजलेले मुडलीचे कंद. जेवताना आई मध्येच हात थांबवून कान द्यायची आणि म्हणायची, पाटात पान अडकलंय, बघून ये. मी जाऊन बघायचे तर खरंच कुठेतरी पाचोळा तुंबलेला असायचा. पाण्याचा आवाज बदलला की आमच्या घरात सगळ्यांना कळायचं. आता परसात मोटार आहे, काळा पाइप आहे, आणि पाण्याला कसलाच आवाज नाही.

पाटाची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पावसाळा सरला की वाडीतले सगळे मिळून वरच्या ओहोळाला दगडमातीचा बांध घालायचे आणि तिथून पाट सोडायचे. वाटेत बाकीच्या घरांना आपापलं पाणी मिळायचं. मग एका जांभळीखाली पाट दोन अंगांना फुटायचा. डावा फाटा आमच्या खालच्या शेताला, उन्हाळी भाताला. उजवा फाटा एका खोल घळीकडे, आणि घळीच्या पलीकडे आबाचं सुपारीचं तोट. घळीवरून पाणी न्यायला भेरली माडाचं खोड मधून कोरून त्याची पन्हळ केलेली असायची. घळीचे दोन्ही काठ आमच्या जमिनीत, म्हणून पन्हळीचं खोड आमच्या घराने द्यायचं, अशी पहिल्यापासून रीत. खोड आमचंच हवं, आणि पन्हळीला हातही आमच्याच घराने लावायचा. थंडीत उजव्या फाट्याला पाणी सोडायच्या दिवशी घरातल्या बाईने पन्हळ धुवायची, हळदकुंकू लावायचं आणि पहिला तांब्या आपल्या हाताने तिच्यात ओतायचा. माड कुठलाही तोडून चालत नसे. भेरली आयुष्यात एकदाच फुलते. आधी शेंड्याला घोस येतो, मग दरवर्षी त्याच्या खाली एकेक, आणि सगळ्यात खालचा घोस पिकून उतरला की झाड मरतं. त्यानंतरच ते तोडायचं. फुलता माड तोडला तर खोड कुजतं, असं वाडीत सगळे मानायचे, आणि ते तसं कुजतही असे.

आणखी एक रीत होती, ती मी लहानपणीच ऐकली. एका वर्षी खेकड्यांनी आमच्या शेताचा बांध पोखरला आणि आमचं पाणी खाली आबाच्या पडीक तुकड्यात गेलं. त्याने तिथे लगेच मिरच्या लावल्या. वडील विचारायला गेले तेव्हा आबा भर बैठकीत, मांडी घालून, पान चघळत म्हणाला, "सांडलेलं पाणी ज्येच्या जमिनीत पडलं त्येचं. हे काय मी आज सांगालोय व्हय?" रीत खरीच होती. वडील परत आले, गुपचूप बांध दुरुस्त केला, आणि त्या वर्षी आबाच्या मिरच्या आमच्या पाण्यावर लाल झाल्या. वडील तसे मऊ माणूस. मी त्यांच्यावर गेले नाही, हे आमच्या घरात सगळेच मान्य करतात.

वडील गेल्यावर आईने शेत एकटीने धरलं. मी दांडेलीला राहून बी.एस्सी. केलं. निकाल लागला त्याच महिन्यात आबाने नंदिगड्ड्याच्या आपल्या मेव्हण्याच्या पोराचं स्थळ आणलं. मुलगा वाईट नव्हता. पण मला धारवाडला एम.एस्सी.ला जायचं होतं आणि शिष्यवृत्तीही मिळाली होती. आईने आबाला गूळपाणी दिलं आणि सांगितलं की पोरगी शिकतो म्हणती, तिचं शिकून होऊ दे. आबा हसला. जाताना अंगणातूनच, मला ऐकू जाईल असं म्हणाला, "खालचं शेत पडीक पडलं की पोर आपसूक घरला येती." त्या वेळी मला ते नुसतं कुजकं बोलणं वाटलं. मी धारवाडला गेले. थंडी सुरू झाली, उन्हाळी भाताची लावणी झाली, आणि एके दिवशी आईने कान दिला तर डाव्या फाट्याचा आवाजच नाही. ती जाऊन बघते तर फाट्याच्या तोंडाशी माती आणि दगड गच्च भरलेले. आबाचं म्हणणं साधं होतं. तोटातली सुपारी वाळायला लागलीय, तिला पाणी कमी पडतंय, यंदा डावा फाटा बंद. पाटाची देखरेख त्याच्याकडे होती. वाडीतल्यांनी मान खाली घातली. त्यांचं पाणी वरच्या वर मिळत होतं.

आता खालचं शेत म्हणजे आमच्यासाठी काय होतं ते सांगते. पावसाळी भात थोडं पिकायचं, पण पुढच्या पावसाळ्यात आम्ही खायचो ते उन्हाळी भात. ते गेलं तर आईला दोनच वाटा. एक म्हणजे आबाच्या घरी कामाला जाणं. दुसरी, मला परत बोलावून नंदिगड्ड्याला देणं, म्हणजे मग फाटा उघडला असता. आईने मला पत्रात काहीच कळवलं नाही. ती लिहीत नसे, दुसऱ्याकडून लिहून घ्यायची, आणि लिहून देणारा वाडीतलाच. मला कळलं ते संक्रांतीला घरी गेल्यावर.

तोवर मी धारवाडात रुळले होते. हॉस्टेलात दोघींची खोली, सोबत शैलजा नावाची बागलकोटकडची मुलगी. ती माझं कन्नड ऐकून पोट धरून हसायची आणि मग आपल्या घरच्या शेंगांच्या चटणीची बरणी माझ्यापुढे सरकवायची. रोज ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी. मला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे आणि शैलजाला भात हे आजाऱ्याचं जेवण वाटायचं. वर्गात आम्ही मोजक्या मुली, पुढच्या बाकावर. आम्हाला एक विषय होता नेटवर्क फ्लो, म्हणजे जाळ्यातून वाहणाऱ्या गोष्टींचं गणित. शिकवायला भट सर. सुकडे, कायम पांढरा शर्ट, खडूने बोटं पांढरी, आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे राहणार.

सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर एक ठिपका काढला, तो उगम. दुसऱ्या टोकाला दुसरा, तो शेवट. मध्ये आडव्यातिडव्या रेघा, प्रत्येक रेघेवर तिची कपॅसिटी, म्हणजे तिच्यातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं तो आकडा. प्रश्न एवढाच की उगमापासून शेवटापर्यंत जास्तीत जास्त किती नेता येईल. वर्गातल्या मुलांनी टेलिफोनच्या तारा डोळ्यांसमोर आणल्या, आगगाड्या आणल्या. मला फळ्यावर सरळ आमचा पाट दिसला. सर सांगत होते की उगम आणि शेवट एकमेकांपासून तोडायचे तर ज्या रेघा कापाव्या लागतील त्यांना कट म्हणायचं, आणि सगळ्या कटांमधला जो सर्वांत लहान, तेवढंच पाणी पलीकडे जाणार, त्याहून थेंबभर जास्त नाही. बाकीच्या रेघा कितीही रुंद करा. मी वहीवर जांभूळ काढली, घळ काढली, आणि शैलजाने कोपराने ढोसलं की हे काय चाललंय.

तो विषय मला सोपा गेला असं मात्र नाही. पहिल्या चाचणीत मी आपटले. जास्तीत जास्त प्रवाह शोधायची रीत अशी की एक मोकळी वाट शोधायची, तिच्यातून मावेल तेवढं पाठवायचं, मग दुसरी वाट, मग तिसरी. मी तशाच वाटा शोधत गेले, मग वाट मिळेनाशी झाली, तिथे थांबले आणि उत्तर लिहून टाकलं. ते कमी आलं. सरांनी पेपर परत देताना मला उभं केलं. त्यांच्या कन्नड-इंग्रजीत ते जे म्हणाले त्याचा अर्थ असा की, आधी एखाद्या वाटेने जे पाठवलं ते कायमचं गेलं असं समजू नकोस, ते मागे घेऊन दुसरीकडे वळवता येतं, ती उलटी वाटही तुझ्या जाळ्यात धर. मला हे समजायला वेळ लागला. पण समजलं तेव्हा फार आवडलं. दिलेलं परत घ्यायला या गणितात पूर्ण मुभा होती, आणि तशी मुभा ठेवल्याशिवाय बरोबर उत्तर येतच नव्हतं.

मग सरांनी प्रत्येकाला प्रोजेक्ट दिलं. खरं जाळं शोधा, मोजा आणि सोडवा. कुणी हुबळीच्या बसगाड्या घेतल्या, कुणी शहराच्या पाण्याच्या टाक्या. मी सांगितलं की माझ्या वाडीचा पाट. सर खिडकीबाहेर बघत राहिले आणि शेवटी म्हणाले की मोजणार कशी? मी म्हटलं, मोजेन. आणि संक्रांतीला हॉस्टेलमधून दोरी, पट्टी आणि शैलजाचं सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन घरी गेले.

खालच्या शेताच्या बांधावर येऊन उभी राहिले. लावलेलं भात पिवळं पडून माना टाकून उभं होतं. जमीन भेगाळली होती. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि आधी म्हणाली, चल, पेज निवतीया. मग म्हणाली, "आणि एक साल असं गेलं तर मला न्हाई झेपायचं, सुमे. मग मी तुला बलावीन. माज्यावर राग धरू नको." राग तिच्यावर कसला धरणार होते. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. त्याही वर्षी आईने रीत मोडली नव्हती. आपल्या शेताचा फाटा बुजवलेला असताना तिने पन्हळ धुतली होती, हळदकुंकू लावलं होतं आणि आबाच्या तोटासाठी पहिला तांब्या आपल्या हाताने ओतला होता. वाहतं पाणी आपण अडवू नये, एवढंच ती म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी मोजायला लागले. पाटाची रुंदी, खोली, पाण्यावर लाकडाची ढलपी सोडून तिला किती वेळ लागतो ते. आई दोरीचं दुसरं टोक धरायची. आबाची माणसं वरून बघून हसायची, की पोरगी धारवाडात जाऊन पाण्यात होड्या सोडायला शिकली. मी मुकाट्याने सगळे फाटे मोजले आणि शेवटी घळीशी आले. पन्हळीच्या तोंडाशी केवड्याची दाट जाळी होती. पन्हळीत शिरताना पाणी तिथे काठावरून सांडायचं, जाळीतून घळीत पडायचं आणि खाली नदीकडे निघून जायचं. हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. पन्हळ म्हटली की थोडंफार सांडणारच, असं सगळे म्हणायचे. मी जाळीत शिरले, अंगावर ओरखडे काढून घेतले, आणि जे सांडत होतं तेही मोजलं.

धारवाडात परत आल्यावर मी ते गणित हाताने सोडवलं. आधी डावा फाटा उघडा धरून, मग बंद धरून. आबाच्या तोटात जाणारं पाणी दोन्ही वेळा सारखंच आलं. मला वाटलं चुकलं. पुन्हा सोडवलं, उलट्या वाटा धरून, एकेक रेघ तपासून. तेच. तेव्हा विभागात कॉम्प्युटरची एक खोली होती, चपला बाहेर काढून आत जायचं. तिथे बसून मी प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावरही तेच उत्तर आलं. पन्हळीत जेवढं मावत होतं तेवढं पाणी डावा फाटा उघडा असतानाही तोटाला मिळत होतंच. फाटा बुजवून आबाला ओंजळभरही जास्त मिळालं नव्हतं. आमचं सगळं पाणी पन्हळीच्या तोंडापर्यंत जाऊन केवड्यात सांडत होतं आणि नदीला मिळत होतं.

आबाला पाणी हवं असतं तर मी समजू शकले असते. तहानेला माणूस ओरबाडतो, ते मला कळतं. पण त्याची सुपारी आमच्या पाण्यावर जगतच नव्हती. माझ्या आईचं भात नुसतं मरावं म्हणून मेलं होतं. आबाला हे गणित ठाऊक नव्हतं, हे खरं. पण फाटा बुजवल्यावर तोटात पाणी वाढलं का, हे त्याने एकदाही जाऊन बघितलं नव्हतं, कारण त्याला ते बघायचंच नव्हतं. मी भट सरांना कागद दाखवले. त्यांनी ते शेवटपर्यंत तपासले आणि म्हणाले की सुंदर उदाहरण आहे, पण या माणसाने ही रेघ बंद का केली? मी म्हटलं, सर, त्याचं कारण या जाळ्यात नाही. त्या दिवसापासून मी आबावर डूख धरला. तोवर मला नुसता राग होता.

दिवाळीला पाटाची बैठक भरली. पुढच्या उन्हाळ्याचं पाणी तिथे ठरायचं. आबाने आधीच ठरवलं होतं. तोटाला पाणी अजून कमी पडतंय, तेव्हा वरचा पाट आणि उजवा फाटा दोन्ही खणून रुंद करायचे, काठ दगडाने बांधायचे, माणसं तो लावणार. डावा फाटा याही वर्षी बंद. आई ओटीच्या कडेला बसली होती, मी तिच्यामागे. माझ्या पिशवीत तो नकाशा होता. मी उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मी सगळं बोलून टाकणार होते. तुमची अडचण पन्हळीत आहे, पाटात नाही, आमचा फाटा उघडा, तुमचं काहीच कमी होत नाही, एवढं माझ्या ओठावर आलं होतं. मी फक्त 'आबा' एवढंच म्हणाले.

"तू गप बस," आबा म्हणाला. "पाटाच्या बैठकीत बाया बोलत न्हाईत. तुजं गणित धारवाडात सांग. हितला पाट मी बघतो."

माणसं हसली. सुब्रायमामा, वाडीतला सगळ्यात वयस्क माणूस, तेवढा हसला नाही. मी खाली बसले. आईने माझ्या हातावर हात ठेवला, तिला वाटलं मी रडेन. मला रडू आलं नव्हतं. गप बस म्हणाला ना, मग बसते. मी मिठाची गुळणी धरली ती उन्हाळा सरेपर्यंत.

घरी येऊन मी आईला चुलीपुढे बसवलं आणि राखेत बोटाने पाट काढून दाखवला. वरून पाणी जास्त येईल, पन्हळीत मावायचं तेवढंच मावेल, उरलेलं सगळं केवड्यात सांडेल. घळ कुणाची? आमची. आईने राखेतल्या घळीवर बोट ठेवलं. मग तिने विचारलं, घळीतून आपल्या शेताकडे पाणी वळतं का. मी म्हटलं, खालच्या वळणावर बांध घातला तर वळतं. ती उठली आणि कुदळ कुठे आहे ते बघायला गेली. सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघींनी घळीच्या वळणावर, आमच्याच जमिनीत, दगडमातीचा बांध घातला आणि तिथून शेतापर्यंत चर काढला. जंगलात धनेश ओरडत होते आणि वरच्या अंगाला आबाच्या माणसांच्या पहारींचे आवाज येत होते. तो वर पाट रुंद करत होता, आम्ही खाली त्याच्यासाठी जागा करत होतो. आजही त्या दिवसांची आठवण झाली की मला हसू येतं, आणि ते चांगलं हसू नव्हे.

पाणी सोडायच्या दिवशी आईने नेहमीसारखी पन्हळ धुतली, हळदकुंकू लावलं, पहिला तांब्या ओतला. मी तेव्हा धारवाडात होते, परीक्षा होती. पण शिमग्याच्या सुट्टीत बसमधून उतरून वाडीच्या वळणावर आले आणि पाय थांबले. खालचं शेत हिरवंगार. नुसतं हिरवं नाही, काळपट हिरवं, पोटरीला आलेलं. डावा फाटा गच्च बुजलेलाच होता. घळीत मात्र पाण्याचा असा आवाज की घरात बोललेलं ऐकू येऊ नये. आईने मला भाताच्या पहिल्या लोंब्या दाखवल्या आणि जेवायला मुडलीचं कालवण केलं. आबाचं काय, विचारलं तर म्हणाली की तोटाच्या खालच्या अंगाची सुपारी पिवळी पडलीय. त्याने वरून झाडं वाढवली होती, पाट दुप्पट केला म्हणून. पाणी होतं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आबा आमच्या अंगणात आला. सोबत सुब्रायमामा आणि वाडीतली आणखी दोन माणसं. म्हणजे न्याय मागायलाच आला होता. उभ्या उभ्याच म्हणाला की माझ्या पाटाचं पाणी तुम्ही चोरताय, घळीत बांध घालून. आईने घोंगडी अंथरली, बसा म्हणाली. तो बसेना. मी दारात उभी होते. बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि ते मला जड गेलं. पण बोलायची गरज पडली नाही. सुब्रायमामा घोंगडीवर टेकला, कंबर सरळ केली आणि म्हणाला, "सांडलेलं पाणी ज्येच्या जमिनीत पडलं त्येचं. आबा, तूच सांगिटलंस न्हवं, मिरच्या लावल्यास तवा?"

बाकीची दोघं घळीकडे बघायला लागली. आबा बसला. पान काढलं, लावलं, तोंडात घातलं नाही. मग त्याचा आवाज बदलला, आणि तो बदललेला आवाज मी अजून काढून काढून ऐकते, जुन्या पेटीतली साडी बघावी तसा. तो म्हणाला, सुपारी मरायला लागलीय. पन्हळ बारीक पडतीय, हे आता त्याच्या लक्षात आलं होतं. शेजारी दुसरी पन्हळ टाकली तर पुरेल. खोड तुमच्या घराचंच लागणार, काठ तुमचे. सिमेंटचे पाइप आणायचे म्हटलं तरी कुंभारवाड्यापासून जंगलातून कोण आणणार, आणि आणले तरी त्यांचे खांब तुमच्याच जमिनीत. परसात एक भेरली उभी आहे, ती द्या. आणि आईकडे न बघता शेवटी म्हणाला की त्याबदली डाव्या फाट्याची माती मी माझ्या हाताने काढतो.

मी आईकडे बघितलं. दोन वर्षं ज्या मातीसाठी जीव टांगणीला लागला होता ती माती तो आपण होऊन काढतो म्हणत होता. मला भीती वाटली की ती हो म्हणेल. ती मनाने मऊ नव्हती, पण रीत सोडणारी नव्हती, आणि घरच्या अंगणात आलेल्याला रिकामं पाठवणं तिला कधी जमलं नव्हतं.

"माती असू दे, आबा," आई म्हणाली. "आमाला पानी पुरतंय."

घळीतला आवाज तेवढा येत होता. ती पुढे अगदी साध्या आवाजात, बाजाराला जायची गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "भेरली देणार. न्हाई कशाला म्हनू? पर ती यंदाच फुलाय लागलीया. शेंड्याचा घोस आत्ता सुटलाय. समद्यात खालचा घोस उतरू दे, मग न्या."

आबाने मान वर करून परसातल्या माडाकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. शेंड्याला एक घोस लोंबत होता, आणि त्याच्याखाली बुंध्यापर्यंत नुसतं मोकळं खोड. प्रत्येक वर्षाला एक घोस. ते झाड मला इतकं उंच कधी वाटलं नव्हतं. फुलता माड तोडा, असं म्हणायची सोय त्याला नव्हती. वाडीतली माणसं साक्षीला त्यानेच आणली होती.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत भट सरांनी मला विचारलं की या जाळ्याच्या मालकाने वरची रेघ रुंद करण्याआधी कुणाला विचारलं नाही का. मी सांगितलं की तिथे एक जण उत्तर घेऊन बसलेली होती, तिला त्यांनी गप बसवलं. सरांनी चांगले गुण दिले. पुढे मी त्याच विषयात राहिले, आयुष्यभर तोच शिकवला, आणि दरवर्षी फळ्यावर पहिलं उदाहरण म्हणून एक पाट, एक घळ आणि एक बारीक पन्हळ काढली. मुलांना वाटायचं बाईंनी बनवलेलं उदाहरण आहे. भेरलीचा शेवटचा घोस उतरला तेव्हा मला नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती. आईने शब्द पाळला, आबाकडे निरोप धाडला की माड न्या. तोवर त्याच्या तोटात खालच्या अंगाला गवत होतं आणि वरच्या अंगाला त्याच्या मुलाने काजू लावले होते. माड न्यायला कुणी आलं नाही. तो परसातच आडवा पडून कुजला. आबाबद्दल मला कधी वाईट वाटलं का, असं सून विचारते. नाही वाटलं.

पण त्या सकाळी तो अजून आमच्या अंगणात, घोंगडीवर बसलेला होता. आई आत गेली आणि रीतीप्रमाणे गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. ते घळीतूनच भरून आणलेलं होतं, गार. आबाने गूळ बाजूला ठेवला आणि तांब्या तोंडाला लावला. उन्हातून आला होता, तहान लागली असणार. मान मागे टाकून तो सगळं प्याला, थोडं त्याच्या सदऱ्यावर सांडलं, आणि रिकामा तांब्या त्याने खाली ठेवला.

"आनखी देऊ?" आई म्हणाली.